गट क्रमांक ३ : एकही गोल न खाता बाद झालेला शेजारी

नेदरलँड्समध्ये स्थायिक झालेल्या आपल्यापैकी बहुतेकांना केव्हा ना केव्हा १९७४ ची गोष्ट ऐकावी लागलेली आहे. वाढदिवसाला भिंतीकडेने खुर्च्या मांडून बसलेली पाहुणेमंडळी असोत, कचेरीतली जेवणाची सुटी असो, की मुलांच्या फुटबॉल क्लबाच्या कँटीनमधली कॉफी असो. वयाची साठी ओलांडलेला कोणीतरी हमखास तिकडे वळतो. योहान क्रायफ, केशरी सदरे, म्युनिकचा अंतिम सामना, जर्मन खेळाडूचा पाय चेंडूला लागण्याआधीच मिळालेली पेनल्टी आणि शेवटी पश्चिम जर्मनीकडून २-१ असा झालेला पराभव. जगातला सर्वांत चांगला संघ हरला, असा या गोष्टीचा शेवट. डच माणूस एरवी भावनांचे प्रदर्शन करीत नाही. पण हे सांगताना त्याचा आवाज थोडा खाली येतो, आणि ऐकणाऱ्यालाही त्याची जखम आपलीच वाटू लागते.

या गोष्टीचा पूर्वार्ध मात्र सहसा कोणी सांगत नाही. तो मला कळला तो सीमेपलीकडे. कामानिमित्त मी काही वर्षे अँटवर्पला जात-येत असे. तिथल्या एका वयस्कर फ्लेमिश सहकाऱ्यापाशी मी १९७४ चा विषय मोठ्या उत्साहाने काढला. त्याने शांतपणे कॉफी संपवली आणि म्हणाला, "१९७४ नंतर बोलू. आधी १९७३ बद्दल बोलू." त्या दिवशी त्याने सांगितलेली हकीकत मी पुढे जमेल तशी पडताळून पाहिली. तीच आज आपल्या पुरवणीच्या वाचकांपुढे मांडतो आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे या विषयाची ओढ कुठून आली ते कळेल. महाराष्ट्रात इतरत्र क्रिकेटचे राज्य असले, तरी आमच्या गावात फुटबॉलचा मान वेगळा. तालमींचे संघ, पेठापेठांची चुरस, शाहू स्टेडियमवरची गर्दी. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही नावे ऐकली की कोल्हापुरी माणूस कान टवकारतो. लांबच्या संघाकडून हरलेले चार दिवसांत विसरता येते. शेजारच्या पेठेकडून हरलेले नातवंडांपर्यंत पोचते. नेदरलँड्स आणि बेल्जियम यांचे नाते समजायला मला एवढी शिदोरी पुरली. हे दोन देश ३० एप्रिल १९०५ रोजी अँटवर्पमध्ये पहिल्यांदा फुटबॉल खेळले आणि त्यानंतर शंभराहून अधिक वेळा एकमेकांसमोर उभे राहिले. भाषा निम्मी एक, विनोद एकमेकांवरचे, आणि हिशेब कधीच न मिटणारा.

आधीची परिस्थिती

आज नेदरलँड्सला फुटबॉलमधला मोठा देश समजण्याची सवय आपल्याला झाली आहे. १९७२ पर्यंत तसे मुळीच नव्हते. १९३४ आणि १९३८ च्या विश्वचषकांत डच संघ गेला, तो दोन्ही वेळा पहिलाच सामना हरून परतला. महायुद्धानंतरच्या पहिल्या दोन स्पर्धांसाठी त्यांनी नावच दिले नाही. पैसे घेऊन खेळण्याची मुभा या देशात १९५४ साली मिळाली. पुढे १९५८, १९६२, १९६६ आणि १९७० अशा सलग चार स्पर्धांच्या पात्रता फेरीत ते बाद झाले. १९६३ मध्ये तर युरोपीय स्पर्धेत चिमुकल्या लक्झेंबर्गने त्यांना घरी पाठवले. तेही दोन्ही सामने डच भूमीवर होऊन! अ‍ॅमस्टरडॅममध्ये १-१ आणि रॉटरडॅममध्ये १-२.

क्लबांची गोष्ट मात्र निराळी होती. १९७० साली रॉटरडॅमच्या फेयनूर्डने युरोपीय चषक जिंकला आणि १९७१, १९७२, १९७३ अशी ओळीने तीन वर्षे अ‍ॅमस्टरडॅमच्या आयाक्सने तो आपल्याकडे ठेवला. म्हणजे खेळाडू जगात अव्वल, पण देशाचा सदरा अंगावर चढला की घडी बसत नसे. आपल्याकडेही एकेक गवई नामांकित असतात, पण एकत्र गायला बसले की सूर जुळत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

बेल्जियमचे नेमके उलटे. ते १९७० च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकाला जाऊन आले होते. १९७२ च्या युरोपीय स्पर्धेत त्यांनी इटलीला बाहेर काढले आणि शेवटी तिसरा क्रमांक मिळवला. प्रशिक्षक रेमों गुथाल्स हे मोठे धोरणी गृहस्थ. गोलात क्रिस्तियाँ पियो आणि पुढे पॉल व्हॅन हिम्स्ट यांच्यासारखे कसलेले खेळाडू. ऑफसाइडचा सापळा लावण्यात बेल्जियन बचावफळीची ख्याती होती. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे तोच शब्द त्यांच्या गळ्याशी आला.

गट आणि गणित

ज्या वाचकांना या खेळाची फारशी माहिती नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. १९७४ च्या विश्वचषकात जागा होत्या फक्त १६. यजमान पश्चिम जर्मनी आणि आधीचा विजेता ब्राझील यांना थेट प्रवेश होता. बाकीच्यांनी पात्रता फेरी खेळायची. युरोपातील देशांचे नऊ गट पाडले होते आणि प्रत्येक गटातून फक्त पहिला संघ पुढे जायचा. दुसऱ्याला उत्तेजनार्थ बक्षीस नाही. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. गुण सारखे झाले तर गोलफरक, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले वजा करून उरेल तो आकडा पाहायचा. क्रिकेटमधल्या निव्वळ धावगतीसारखाच हा प्रकार.

गट क्रमांक ३ मध्ये होते बेल्जियम, नेदरलँड्स, नॉर्वे आणि आइसलँड. खरी झुंज पहिल्या दोघांची, हे सर्वांना दिसत होते.

बेल्जियमने सुरुवात झोकात केली. मे १९७२ मध्ये आइसलँडला लिएज आणि ब्रुगे येथे चार दिवसांच्या अंतराने दोनदा ४-० असे हरवले. आइसलँडचा 'घरचा' सामनाही बेल्जियममध्येच झाला होता. ऑक्टोबरमध्ये त्यांनी ऑस्लोला जाऊन नॉर्वेवर २-० ने मात केली. तीन सामने, सहा गुण.

डचांनी पहिला सामना खेळला तो १ नोव्हेंबर १९७२ रोजी रॉटरडॅममध्ये, नॉर्वेविरुद्ध. निकाल ९-०. त्या संध्याकाळी आठवा आणि नववा गोल बघून कित्येकांना वाटले असेल, आता पुरे की, बिचाऱ्यांना किती झोडपणार! पण त्या वरकड गोलांचे मोल किती होते, ते एका वर्षानंतर कळले.

पुढे १९ नोव्हेंबर १९७२ ला अँटवर्पमध्ये बेल्जियम आणि नेदरलँड्स यांची ०-० अशी बरोबरी झाली. ऑगस्ट १९७३ मध्ये डचांनी आइसलँडला आठवड्याभरात दोनदा हरवले : अ‍ॅमस्टरडॅममध्ये ५-० आणि डेव्हेंटरमध्ये ८-१. आइसलँडचा 'घरचा' सामना इथेही परमुलखातच झाला.

ऑस्लोतली ती तीन मिनिटे

त्याच सुमारास, २ सप्टेंबर १९७३ रोजी, आपल्या देशाशी संबंधित एक गोष्ट याच मातीत घडली. आज जिथे आपली इतकी भारतीय कुटुंबे राहतात त्या आम्स्टेलव्हीनमध्ये हॉकीच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला : भारत विरुद्ध नेदरलँड्स. भारताने सुरुवातीलाच दोन गोलांची आघाडी घेतली होती. डचांनी ती भरून काढली, २-२ अशी बरोबरी झाली आणि शेवटी पेनल्टी स्ट्रोकवर ४-२ असा चषक त्यांच्याकडे गेला. जादा वेळात आपल्यालाही एक पेनल्टी स्ट्रोक मिळाला होता. तो फुकट गेला. मैदानात न हरता हरणे म्हणजे काय, हे आपल्या लोकांनी त्या दिवशी अनुभवले. अकरा आठवड्यांनी, आम्स्टेलव्हीनपासून सायकलच्या अंतरावर, बेल्जियमच्या वाट्याला तेच आले.

पण त्याआधी ऑस्लो. १२ सप्टेंबर १९७३. क्रायफ तेव्हा नुकताच आयाक्स सोडून बार्सिलोनाला गेला होता. त्याने सुरुवातीलाच गोल केला, म्हणून डच संघ निर्धास्त झाला असावा. उत्तरार्धात नॉर्वेने बरोबरी साधली. घड्याळ पुढे सरकत होते. शेवटच्या मिनिटांत क्रायफने टाचेने मागे सारलेला चेंडू आयाक्सचा बचावपटू बॅरी हुल्सहॉफ याने जाळ्यात धाडला. २-१.

हा गोल झाला नसता तर? तर डचांना एक गुण कमी मिळाला असता, आणि अखेरच्या सामन्यात बेल्जियमला बरोबरी पुरली असती. म्हणजे १९७४ ची सारी कीर्तिकथा ज्या खांबांवर उभी आहे, त्यांतला पहिला खांब हुल्सहॉफचा. दैवाची थट्टा अशी, की गुडघ्याच्या दुखापतीमुळे हा हुल्सहॉफ स्वतः १९७४ च्या विश्वचषकात खेळूच शकला नाही. ज्याने दार उघडले तोच उंबऱ्याबाहेर राहिला.

३१ ऑक्टोबर १९७३ ला बेल्जियमने नॉर्वेला पुन्हा २-० ने हरवले. आता दोघांचे नऊ-नऊ गुण झाले आणि सामना उरला एक. बेल्जियमने तोवर पाच सामन्यांत एकही गोल खाल्ला नव्हता. पण गोलफरकात डच दहाने पुढे होते. डचांना बरोबरी चालणार होती. बेल्जियमला विजयच हवा होता.

मोटारीविना रविवार

१८ नोव्हेंबर १९७३ हा रविवार होता, आणि तोही साधासुधा नव्हे. पश्चिम आशियातील युद्धानंतर अरब देशांनी नेदरलँड्सचा तेलपुरवठा रोखला होता. म्हणून ४ नोव्हेंबरपासून रविवारी खासगी मोटारी रस्त्यावर आणण्यास सरकारने बंदी घातली होती. मोटारींसाठी बांधलेल्या हमरस्त्यांवरून लोक सायकली हाकत होते, मुले चाकांच्या बुटांवर घसरत होती. त्या सुन्न रस्त्यांच्या देशात, अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये, दोन शेजारी निकाल लावायला जमले.

सामना देखणा झाला नाही. डचांना हरायचे नव्हते आणि बेल्जियमला जिंकायचे असूनही अंगावर गोल ओढवून घ्यायचा नव्हता. गोलफलक कोराच राहिला. शेवटच्या मिनिटाला बेल्जियमला फ्री किक मिळाली. व्हॅन हिम्स्टने चेंडू डच गोलासमोर उंच टाकला. डच बचावपटू पुढे धावले. गोलरक्षक पीट स्ख्रायव्हर्स बाहेर आला, पण चेंडू त्याच्या हाती लागला नाही. मागे मोकळा उभा होता यान फेरहेयन. त्याने चेंडू जाळ्यात मारला.

आणि शिटी वाजली. सोव्हिएत पंच पावेल काझाकोव यांनी निर्णय दिला : ऑफसाइड. गोल नाही.

ऑफसाइड म्हणजे, सहकाऱ्याने चेंडू मारला त्या क्षणी आक्रमक खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिपक्षाचे दोन खेळाडूही नसणे. दूरचित्रवाणीच्या फिती नंतर पुन्हा पुन्हा पाहिल्या गेल्या. त्यांत दिसते ते स्पष्ट आहे. फेरहेयन ऑफसाइड नव्हता. डच बचावफळी पुढे धावली खरी, पण सगळी नव्हे आणि वेळेवर नव्हे. बेल्जियन लोक ज्या कलेत पारंगत होते, तिचा कच्चा प्रयोग डचांनी केला, आणि पंचांनी तो पक्का धरला.

सामना ०-० संपला. गटाचा तक्ता असा बंद झाला :

नेदरलँड्स : ६ सामने, १० गुण, गोल २४-२
बेल्जियम : ६ सामने, १० गुण, गोल १२-०
नॉर्वे : ६ सामने, ४ गुण, गोल ९-१६
आइसलँड : ६ सामने, ० गुण, गोल २-२९

दुसरी ओळ पुन्हा वाचावी. चार विजय, दोन बरोबऱ्या, पराभव नाही, खाल्लेला गोल नाही. आणि विश्वचषकातून बाद. माझा फ्लेमिश सहकारी म्हणाला होता, "आम्ही परीक्षेत एकही उत्तर चुकलो नाही आणि नापास झालो." त्यावर मला काही बोलता आले नाही.

नियमाचे दोन तोंडांचे साप

इथवर वाचून कोणाचाही कल बेल्जियमकडे झुकेल. माझाही झुकला होता. पण आपण हिशेब नीट मांडला पाहिजे. आकड्यांवर अन्याय करून न्याय मिळत नाही.

पहिला प्रश्न, डचांचे ते दहा गोल जास्तीचे आले कुठून? बेल्जियममध्ये म्हणतात, आइसलँडसारख्या दुबळ्यांना बदडून. तक्ता वेगळे सांगतो. आइसलँडविरुद्ध डचांचा फरक १२ चा आणि बेल्जियमचा ८ चा. म्हणजे तिथे चार गोल जास्त. नॉर्वेविरुद्ध डचांचा फरक १० चा, बेल्जियमचा ४ चा. म्हणजे सहा गोल जास्त. मोठा वाटा नॉर्वेचा, आणि त्यातही रॉटरडॅमच्या त्या एका संध्याकाळचा. ते नऊ गोल कोणा पंचाने दान दिले नव्हते. बेल्जियमची पद्धत आघाडी घेऊन दार बंद करण्याची. डचांची पद्धत दार उघडे टाकून मारत सुटण्याची. नियमाने त्या वर्षी दुसऱ्या पद्धतीला बक्षीस दिले. म्हणजे बरोबरी पुरेल ही सोय डचांनी घामाने कमावली होती. शिटी तेवढी फुकट मिळाली.

दुसरा प्रश्न, सारखे गुण झाले असता पुन्हा एक सामना त्रयस्थ ठिकाणी का खेळवू नये? गंमत अशी, की तसे बेल्जियमच्याच बाबतीत घडून गेले होते. १९६६ च्या विश्वचषकासाठी त्यांचे आणि बल्गेरियाचे गुण सारखे झाले. बेल्जियमचे गोल ११-३, बल्गेरियाचे ९-६. गोलफरक मोजला असता तर बेल्जियम सहज पुढे गेले असते. पण तेव्हा निर्णायक सामन्याची पद्धत होती. तो २९ डिसेंबर १९६५ रोजी फ्लॉरेन्सला झाला आणि बल्गेरियाने २-१ ने जिंकला. म्हणजे गोलफरक हवा होता तेव्हा सामना मिळाला, आणि सामना हवा होता तेव्हा गोलफरक मिळाला! दोन्ही नियम आपापल्या जागी रास्त. पण दोन्ही वेळा सापाचे तोंड बेल्जियमकडेच.

त्याच १९७३ च्या हिवाळ्यात गट क्रमांक १ मध्ये स्वीडन आणि ऑस्ट्रिया यांचे गुण सारखे झाले आणि गोलफरकही सारखा निघाला. त्यांना मात्र २७ नोव्हेंबरला जर्मनीतील गेल्सेनकिर्शेन येथे बर्फात निर्णायक सामना खेळायला मिळाला आणि स्वीडन २-१ ने जिंकले. पुढे १९ जून १९७४ रोजी क्रायफने ज्या बचावपटूला पाठीमागून चेंडू वळवून चकवले आणि ती हिकमत जगभर त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली, तो बचावपटू याच स्वीडनचा होता. डॉर्टमुंडच्या मैदानावर समोरासमोर उभे असलेले हे दोन्ही संघ सात महिन्यांपूर्वी दाराच्या फटीतून आत आलेले होते, हे त्या चित्रफिती पाहताना कोणाच्या लक्षात येत नाही.

तो काळच विलक्षण होता. १७ ऑक्टोबरला वेम्ब्लीवर पोलंडने इंग्लंडला १-१ असे रोखून बाद केले. अ‍ॅमस्टरडॅमच्या सामन्यानंतर तीनच दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, चिलीचा संघ सांतियागोमध्ये रिकाम्या मैदानावर उतरला आणि रिकाम्या गोलात चेंडू ढकलून मोकळा झाला. लष्करी उठावानंतर ज्या स्टेडियममध्ये कैदी डांबले गेले, तिथे खेळायला सोव्हिएत संघाने नकार दिला होता. त्या मानाने बेल्जियमचे दुःख लहान. पण म्हणून ते नाहीसे होत नाही.

आपल्या भारताचे उदाहरणही इथे आठवते. १९५० च्या ब्राझीलमधील विश्वचषकाला आपण पात्र ठरलो, ते गटातल्या इतर देशांनी माघार घेतल्यामुळे. आपल्याला दार सताड उघडे मिळाले आणि आपण गेलो नाही. अनवाणी खेळण्याची परवानगी नाकारली म्हणून गेलो नाही, ही त्यातली लोकप्रिय कथा पुरी खरी नाही. आपल्या संघटनेला तेव्हा ऑलिंपिकचेच महत्त्व अधिक वाटत होते. पात्रता फेरीचे तक्ते इतके कोरडे दिसतात, पण त्यांत कोणाचे नशीब कुठे अडले आणि कोणी आलेली संधी कशी सोडली, हे सगळे लिहिलेले असते.

शिटीनंतर

डच संघ १९३८ नंतर प्रथमच विश्वचषकाला निघाला. आणि निघण्याआधी त्याने कूस बदलली. पात्रता फेरीत प्रशिक्षक होते मूळचे चेकोस्लोव्हाकियाचे फ्रांतिशेक फाद्रहोन्त्स. विश्वचषकासाठी सूत्रे बार्सिलोनाच्या रिनुस मिखेल्स यांच्याकडे देण्यात आली आणि फाद्रहोन्त्स त्यांच्या हाताखाली राहिले. हुल्सहॉफ नाही म्हणून आरी हान या मधल्या फळीतल्या खेळाडूला मागे घेतले. गोलात स्ख्रायव्हर्सच्या जागी आला ३३ वर्षांचा यान योंगब्लूड. त्याच्या नावावर तोवर एकच आंतरराष्ट्रीय सामना होता, तोही १९६२ सालचा. ज्या 'संपूर्ण फुटबॉल'चे नाव जग घेते, त्याची राष्ट्रीय संघातली घडी अशी शेवटच्या काही महिन्यांत बसली. उरुग्वे, अर्जेंटिना, ब्राझील सारे पडले. अंतिम सामन्यापर्यंतच्या सहा सामन्यांत या संघाने एकच गोल खाल्ला आणि तोही त्यांच्याच खेळाडूच्या पायाला लागून गेलेला.

आता विचार करावा. फेरहेयनचा गोल धरला असता तर यातले काहीच घडले नसते. मिखेल्सना बोलावणे आले नसते. क्रायफ विश्वचषकात कधीच दिसला नसता, कारण १९७८ च्या स्पर्धेला तो गेला नाही. ज्या खेळावरून पुढे बार्सिलोनाने आपली शाळा उभी केली, त्याची जगाला ओळख कदाचित फार उशिरा झाली असती. आणि बेल्जियम जर्मनीत जाऊन काय करू शकले असते, हे कोणालाच कधी कळणार नाही. सर्वांत मोठे नुकसान मला हेच वाटते. हरलेल्या संघाची कथा होते. म्युनिकला हरलेल्या डचांची तर महाकथा झाली. पण ज्याला खेळूच दिले नाही त्याची कथा होत नाही; त्याची फक्त तक्त्यातली एक ओळ होते.

हिशेब मात्र तिथे थांबला नाही. १९८६ च्या विश्वचषकासाठी आपापल्या गटांत दुसरे आलेले हेच दोन शेजारी पुन्हा समोरासमोर आले. १६ ऑक्टोबर १९८५ ला ब्रुसेल्समध्ये बेल्जियम १-० ने जिंकले. २० नोव्हेंबरला रॉटरडॅममध्ये डचांनी दोन गोल केले आणि मेक्सिकोची तिकिटे हातात आल्यासारखी वाटली. पाच मिनिटे उरली असताना जॉर्ज ग्रुनने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. २-१. दोन सामने मिळून २-२, पण परक्या मैदानावर केलेला गोल जड धरायचा हा नियम, आणि त्या नियमाने बेल्जियम मेक्सिकोला गेले. तिथे त्यांनी थेट उपांत्य फेरी गाठली. बारा वर्षांनी सापाने तोंड फिरवले होते. डचांची पाळी आली ती १९८८ मध्ये, जेव्हा मिखेल्स यांच्याच हाताखाली, म्युनिकच्या त्याच ऑलिंपिक स्टेडियममध्ये, त्यांनी युरोपीय चषक उचलला.

२०१८ पासून विश्वचषकात पंचांच्या मदतीला दूरचित्रफिती आल्या आहेत. पंचांचा ऑफसाइडचा निर्णय आता पडद्यावर तपासला जातो. काझाकोव यांना ती सोय असती तर फेरहेयनला न्याय मिळाला असता. पण १९७३ चे पंच एका क्षणात, दोन डोळ्यांनी, साठ-सत्तर हजार कंठांच्या गलबल्यात निर्णय देत होते. त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याजोगे माझ्या वाचनात काही आलेले नाही. चूक माणसाची होती. तिचे ओझे मात्र एका देशाने वाहिले आणि तिचे फळ दुसऱ्याने खाल्ले.

वाचकहो, आपण परदेशात येऊन राहिलो की यजमान देशाच्या आठवणी हळूहळू उसन्या घेतो. ते चांगलेच आहे; त्याशिवाय घरोबा होत नाही. पण उसन्या आठवणींचा एक धोका असतो. त्या एकाच घरातून आलेल्या असतात. १९७४ मध्ये डचांवर दैव रुसले हे खरे, पण त्याच्या सात महिने आधी तेच दैव त्यांच्यावर इतके प्रसन्न होते की शेजाऱ्याचे ताट उचलून त्यांच्यापुढे ठेवले गेले, हेही तितकेच खरे. ब्रेडाहून अँटवर्पला जायला गाडीने तासभरही लागत नाही. मधली सीमा आता डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. तरी त्या तासाभरात १९७४ हे साल मागे पडते आणि १९७३ सुरू होते. पलीकडच्या माणसाला कधी आपणहून विचारून पाहावे. त्याला सगळे तपशील पाठ असतात : फ्री किक कोणी मारली, गोली कुठवर आला होता, शिटी कधी वाजली. आणि शेवटी तो न चुकता सांगतो, की सहा सामन्यांत आम्ही एकही गोल खाल्ला नव्हता.